एका टोकनवर पंचावन्न मिनिटं

१२ जानेवारी, सोमवार
आणखी एक समिती. लॅबचे चार संगणक बंद, दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासायचे पडलेत, आणि प्राचार्यांना सुचलंय की फेब्रुवारीतल्या प्रदर्शनात 'गेमिंगच्या इतिहासातल्या दहा अचाट आणि प्रभावी कामगिऱ्या' असे दहा फलक लावायचे. मराठीत. मजकूर शेख मॅडम लिहितील, कारण मॅडमचं मराठी चांगलं. या कॉलेजात मराठी चांगलं असणं हा गुन्हा आहे. दर वेळी शिक्षा मलाच.

समितीत तिघं. मी, मेकॅनिकलचे गित्ते सर, आणि आमच्याच विभागातली वैष्णवी. वैष्णवी सव्वीस वर्षांची, तिने यातले निम्मे गेम खरोखर खेळलेत. म्हणजे काम तिने करायचं, वाद सरांनी घालायचा आणि सही माझी.

घरी नवऱ्याला, इरफानना, सांगितलं. म्हणाले, तुझा आणि गेमचा काय संबंध. मी म्हटलं, काहीच नाही.

१५ जाने., गुरु.
पहिली बैठक. दीड तास. हाती काही नाही.

गि. सर: इतिहास म्हटलं की द्यूतापासून सुरुवात करा. वै.: सर, व्हिडिओ गेम. सर: विषयात 'गेमिंग' लिहिलंय, 'व्हिडिओ' कुठाय? यावर अर्धा तास. मग 'अचाट' आणि 'प्रभावी' या दोन शब्दांची जुंपली. फोनमधला साप प्रभावी, कारण आख्ख्या जिल्ह्याने खेळला, पण अचाट नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून आख्खा गेम संपवणारा अचाट, पण प्रभाव कुणावर? सर म्हणाले, त्याच्या मायवर.

हसले. तेवढंच.

ठरलेलं एकच: वरून पडणाऱ्या विटांचा गेम. रशियातल्या एका संस्थेत कुणी इंजिनिअरने ऑफिसच्या वेळेत केलेला. सरांना ते ऑफिसची वेळ प्रकरण फार आवडलं. बिनविरोध.

१९ जाने., सोम.
आज चार फलक झाले. घरच्या टीव्हीवर पहिल्यांदा दोन दांड्या आणि एक चेंडू. गोळ्या खात फिरणारं पिवळं तोंड. फोनमधला साप (शेवटी घेतलाच). आणि तो मुलगा, ज्याने विटांचा गेम इतका खेळला की मशीनच गोठलं, पुढे जायला जागाच उरली नाही.

सहाव्यावर भांडण. वै. म्हणाली, फार पूर्वी एका प्रोग्रामरने गेम केला. कंपनी कुणाचं नाव छापत नव्हती. तर त्याने गेममध्ये एक गुप्त खोली केली आणि तिथे स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीला पत्ता नाही. पुढे खेळणाऱ्यांना सापडलं. गेममध्ये काहीतरी लपवून ठेवायची रीत त्यातून फोफावली.

गि. सर: नाव लपवणं ही कामगिरी कशी? नाव लावणं ही कामगिरी.

मी सरांच्या बाजूने हात वर केला. कुणाला सापडलंच नसतं तर काय, म्हटलं. लपवलेलं नाव आणि नसलेलं नाव, बाहेरून सारखंच दिसतं. दोन विरुद्ध एकने पडला. वैष्णवीचा चेहरा उतरला. मला उगाच राग आला, तिचा नाही, कुणाचा ते कळलं नाही.

२१ जाने., बुध.
प्राचार्य उंटावरून शेळ्या हाकतात. आज दारातून डोकावून म्हणाले, दहावा फलक आपल्या मातीतला पाहिजे, मराठवाड्यातला. आणि गेले चहाला.

मला वाटलं सुंठीवाचून खोकला गेला. आपल्या मातीत कोण कशाला गेमचा पराक्रम करतंय, विषयच रद्द होईल. तर गि. सर खुर्चीतून उठून उभे. सर मूळ मुखेडकडचे, शेतकरी घरातले, नांदेडला शिकायला होते. रंगात आले की प्राध्यापकी गळून पडते.

"म्या सोता पायलंय मॅडम. नांदेडला वजिराबादेत एका घड्याळजीचं दुकान. पुढं गेमच्या चार मशिनी, मागं पडद्याआड तेचं घड्याळाचं टेबल. तितं एका पोरानं विमानाच्या गेमवर एका टोकनात पंचावन्न मिनिटं काढली. आमी दोन मिनिटांत मरायलो, आन् त्यो पंचावन्न. भिंतीवर रंगानं लिवलं होतं."

वै.ला आनंद. हाच दहावा, म्हणाली. मी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

सरांना आठवत होतं ते असं: शुक्रवार होता. दुकान नमाजला बंद. पोरं शटरपाशी ताटकळत. मालकाचा मुलगा पुढे आला, शटर वर केलं, आत गेला. सर पहिले आत शिरले तर तो मशीनवर उभा, हातात दांडी, पडद्यावर कधी कुणी न पाहिलेला आकडा. मिनिटभरात शेवटचं विमान पडलं आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

"नाव युसूफ. कुठं असंल आता?"

मी म्हटलं, माझा भाऊ आहे तो.

टेबलावर नुसता जल्लोष. सरांनी माझा हात हातात घेऊन हलवला. पंधरा वर्षं एका कॉलेजात आहोत, म्हणाले, आणि मॅडम बोलल्या नाहीत. काय बोलायचं होतं?

२२ जाने., गुरु.
वहीत तरी लिहावं. सत्तावीस वर्षांत कुठेच लिहिलं नाही.

खेळत मी होते.

मी सतरा वर्षांची, बारावीला, कॉलेज सकाळचं. शुक्रवारी एक वाजता मी दुकानात डबा न्यायची. अब्बू आणि भाईजान जुम्म्याच्या नमाजला जायचे. दुकान सोडून कसं जाणार, म्हणून मला आत बसवून अब्बू बाहेरून शटर ओढायचे. तास-सव्वा तास. काय करणार? तीन मशिनी अब्बू बंद करून जायचे. चौथं, विमानवालं, बंद केलं की परत सुरू व्हायला कुरकुर करायचं, म्हणून चालू ठेवायचे. वर्षभर दर शुक्रवारी एक टोकन, आणि तो गेम मला पाठ झाला, विमानं कुठून येतात, कधी येतात, सगळं.

त्या शुक्रवारी मरतच नव्हते. भूक लागली होती, डबा तसाच. मग शटरचं कुलूप वाजलं, बाहेर पोरांचा गलका. मी दांडी सोडली आणि मागे अब्बूंच्या टेबलापाशी पडद्याआड जाऊन बसले. पोरांच्या गर्दीत मुलगी मशीनवर, हे नांदेडात कसं दिसलं असतं ते कुणी शिकवावं लागत नव्हतं. भाईजाननी येऊन दांडी धरली. पुढचं गि. सरांनी पाहिलं.

भाईजान तेव्हा काही बोलले नाहीत. मीही नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. पुढच्या शुक्रवारपासून अम्मींनी डबा न्यायला शेजारच्या चाचांना सांगितलं. मी परत त्या दुकानात पाय ठेवला तो दुकान बंद झाल्यावर. भिंत तोवर रंगवलेली होती.

झालं लिहून. हलकं वगैरे काही वाटलं नाही. उलट चिडचिड वाढली.

२७ जाने., मंगळ.
गि. सरांना आता 'पुरावा' हवा. नऊ फलकांना कुणी पुरावा विचारला नाही, सगळं वैष्णवीच्या फोनवरून. पण घरच्या माणसाला पुरावा हवा, नाहीतर प्राचार्य म्हणतील मॅडमनी भावाचं नाव घुसवलं. बरोबर आहे त्यांचं. हेच जास्त चीड आणतं.

भाईजानना फोन केला. जुन्या दुकानाच्या जागी आता त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फलकाचं ऐकून माणूस इतका खूश झाला की मला पुढचं काही बोलताच आलं नाही. पाच मिनिटांत फोटो पाठवला, त्यांच्या काउंटरमागे फ्रेममध्ये लावलेला. भा. वीस वर्षांचे, केस मागे वळवलेले, मागे भिंत. भिंतीवर अब्बूंच्या अक्षरात 'युसूफ. विमान. एक टोकन. ५५ मिनिटं'. त्याखाली अजून एक ओळ आहे, पण भा.चा खांदा आडवा आलाय.

गि. सर: दुसरा न्हाई का? नीट दिसणारा?
अम्मींकडे असेल, म्हटलं. आ बैल मुझे मार.

१ फेब्रु., रवि.
सकाळच्या एसटीने नांदेड. अहमदपूरपर्यंत उभी.

अम्मींनी अब्बूंची पेटी काढून दिली. चिमटे, भिंग, बिनकाट्यांची दोन घड्याळं. तळाला पाकिटात फोटो. नुसती भिंत, माणूस नाही. दुकान रंगवायच्या आधी अब्बूंनी काढून घेतला असावा.

आणि ती खालची ओळ. 'जुम्मा. १:१० ते २:०५.'

पेटीतलं भिंग धरून परत वाचली.

अब्बूंचा नियमच होता. भिंतीवर रेकॉर्ड लिहायचं तर वार आणि वेळ लिहायची. घड्याळजी माणूस, वेळेत चूक त्यांना खपायची नाही. पण त्या दिवशी १:१० ला भाईजान कुठे होते? अब्बूंच्या शेजारी, मशिदीत. दीडची जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज. खेळ सुरू झाल्याची वेळ सांगणारं तिथे कुणीच नव्हतं. मला त्यांनी कधी विचारलं नाही. मग त्यांना कळलं कसं?

शटर ओढताना. अब्बू शटर ओढायचे आणि मी ते खाली टेकायच्या आत टोकन टाकायची, तेवढाही धीर नसायचा. त्यांनी आवाज ऐकला असणार आणि घड्याळ पाहिलं असणार. दर शुक्रवारी ऐकला असणार.

म्हणजे माणसाला माहीत होतं. संध्याकाळी ब्रश घेऊन नाव मुलाचं लिहिलं, आणि वेळ माझी लिहिली. सगळ्या गल्लीसमोर. लोक आकडा बघत राहिले, वेळ कोण बघतं. नंतर नातेवाईक 'पोरीला कशाला' म्हणत असताना मला कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला घातलं, तेव्हाही कारण सांगितलं नाही. सांगायचं ना अब्बू. एकदा तरी तोंडाने सांगायचं. अकरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आता कुणाशी भांडू?

रडले. अम्मी म्हणाल्या, अब्बूंची आठवण आली का. हो म्हटलं.

(तोच दिवस, परतीच्या गाडीत)
निघताना भाईजानच्या दुकानात गेले. फोटो काउंटरवर ठेवला. त्यांनी पाहिला आणि गिऱ्हाइकाचा फोन उघडायला घेतला. म्हटलं, खालची ओळ वाचा. म्हणाले, माहीत आहे. फ्रेममधल्या फोटोत खांदा तिथे उगाच नव्हता आला.

मी बरंच काही बोलणार होते, पाठ करून गेले होते. तर स्क्रू काढता काढताच म्हणाले,

"तुझ्याकडे डिप्लोमा आहे, नोकरी आहे, पोरं मॅडम म्हणतात. माझ्या नावावर एवढी एक भिंत आहे, नसरीन."

उत्तर चुकीचं असतं तर भांडले असते. चहा मागवला त्यांनी. प्याले. गाडी सुटेल म्हणून निघाले. आपलेच दात, आपलेच ओठ.

४ फेब्रु., बुध.
तीन दिवस फोटो पर्समध्ये. आज बैठकीत काढून टेबलावर ठेवला. कुणी मागितला म्हणून नाही. बघू दे एकदा कुणीतरी, म्हणून.

गि. सरांनी चष्मा वर करून वाचला. १:१० ते २:०५, जुम्मा. बोटांवर काहीतरी मोजलं. मला वाटलं, झालं, आता विचारतात.

सर गदागदा हसायला लागले. "म्हंजे भाईनं नमाज चुकवली की त्या दिवशी."

आणि लगेच भाईजानना फोन, स्पीकरवर. नंबर मीच दिला होता ना. सरांनी चेष्टेने विचारलं. मी मनात म्हटलं, बोला भाईजान, आत्ता बोला, सोपं आहे.

"हाव सर. चुकवली होती."

पुढे सर काय बोलले ते ऐकलंच नाही. जो माणूस तापात जुम्मा सोडत नाही, मागच्या पावसात गुडघाभर पाण्यातून गेला, तो एका विमानाच्या गेमसाठी भर बैठकीत हे कबूल करून बसला. न केलेलं. सरांनी लगेच मजकुरात घालायला सांगितलं: 'नमाज चुकवून केलेला पराक्रम'. मी म्हटलं, ते अजिबात जाणार नाही फलकावर. आवाज चढला असावा, कारण दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

वै. फोटो परत देताना हळूच म्हणाली, "मॅडम, पण सर म्हणाले शटर भाईंनी बाहेरून उघडलं. मग आत कोण होतं?"

पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, डबा.

५ फेब्रु., गुरु.
सकाळी सातला अम्मींचा फोन. बातमी पोहोचली. भा.नी स्वतःच सांगितली म्हणे, फोनवरचं ते बोलणं दुकानात कुणी ऐकून घरी सांगितलं तर बरं दिसणार नाही म्हणून.

मी समजूत घालायला लागले. जाऊ दे अम्मी, गेम आहे, फलक आहे, दोन दिवसांनी उतरवतील. अम्मी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या,

"रिकाट दिए थे हम उसको. नमाज नइं दिए."

विचारलं, 'दिए थे' म्हणजे? तुम्हालाही माहीत होतं?

माहीत होतं. त्याच रात्री अब्बूंनी सांगितलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं की पोराच्या नावावर राहू दे, पोरीचं लग्न व्हायचंय. डबा बंद करायचंही दोघांचंच. मला वाटलं होतं अम्मी माझ्यावर रागावल्यात, आणि मी वर्षभर त्यांच्याशी नीट बोलले नव्हते.

म्हणजे घरात चौघं, चौघांनाही माहीत, आणि सत्तावीस वर्षं एकदाही विषय निघाला नाही. धन्य आमचं घर.

अम्मींचं म्हणणं असं: अब्बू त्या दिवशी त्याच्या शेजारी उभे होते सफमध्ये, नमाजाच्या रांगेत. तो आज म्हणतो मी नव्हतो. म्हणजे बापाच्या शेजारची जागा रिकामी केली त्याने. तू काय ते बघ.

मी काय बघू? दर वेळी मीच का बघू?

६ फेब्रु., शुक्र.
फलकांची फाइल आज छपाईला द्यायची. नऊ तयार. बैठकीत म्हटलं, सहाव्या विषयावर परत मत घ्या, गुप्त खोलीवाल्या. गि. सर: तुमीच तर पाडला, मॅडम. म्हटलं, आता उचलते. लपवलेलं नाव सापडायला वेळ लागतो, म्हणून ते नसतं असं नाही. दोन विरुद्ध एकने आला. सरांनी घातलेला क्रिकेटचा गेम गेला त्यापायी, सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दहाव्याचा मजकूर मी लिहिला. दुकान, मशीन, टोकन, पंचावन्न मिनिटं, अब्बूंची भिंत, वेळेची ओळ. सगळं खरं. नावाच्या जागी हात थांबला. 'युसूफ' लिहिलं तर त्या खोट्या कबुलीवर माझी सही. 'नसरीन' लिहिलं तर भावाची भिंत पाडली. वै. माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, मॅडम, नावाची पट्टी वेगळी चिकटवू. नंतर.

हिला सगळं कळलंय. विचारत नाही, एवढे उपकार.

१० फेब्रु., मंगळ.
नवीन कटकट. गि. सरांच्या मेव्हण्याच्या गोदामात, लोह्याला, एक जुनं मशीन निघालं. विमानाचाच गेम. टेंपोतून वर्कशॉपमध्ये आणलं. उंदरांनी आतली वायर खाल्लेली, दांडी तुटलेली. सर तीन दिवस जेवण विसरून त्यात. नवी दांडी लेथवर त्यांनी स्वतः वळली. चालू झालं तेव्हा शाळेतल्या पोरासारखे टाळ्या वाजवत होते. राग धरणं अवघड आहे या माणसावर.

पण त्यांनी पुढे ठरवून टाकलंय: शुक्रवारी तीन वाजता उद्घाटन, आणि उद्घाटनाला युसूफभाई स्वतः खेळून दाखवणार. पाहुण्यांसमोर. प्राचार्यांचा होकार.

संध्याकाळी भाईजानचा फोन. नुसतं इकडचं तिकडचं. अम्मीचे गुडघे, पाणी दिवसाआड येतंय. शेवटी: दांडी डावीकडे आहे की उजवीकडे? डावीकडे, मी म्हटलं. हं, म्हणाले. पहिल्या टप्प्यात विमानं कुठून येतात ग?

सांगितलं असतं. पण ते सांगून येणारं नाही, हातात असावं लागतं. एक टोकन टिकायचं नाही त्यांचं. तीनशे पोरांसमोर. त्यांनीच फोन ठेवला.

आनंद व्हायला हवा होता, नाही झाला.

१२ फेब्रु., गुरु.
इरफानना सांगितलं सगळं, जेवताना. वीस वर्षांचा संसार, त्यांना पहिल्यांदा. ऐकून म्हणाले, पंचावन्न मिनिटं? खरंच? आणि मग, भाजी वाढ. थोड्या वेळाने परत, पंचावन्न?

फलक आले. छपाईवाल्याने 'प्रभावी'तल्या वेलांटीचा घोळ केलाय, पण आता कोण भांडणार. दहाव्यावर नावाच्या जागी पांढरा पट्टा. गि. सर दोनदा विचारून गेले. उद्या, म्हटलं.

१३ फेब्रु., शुक्र.
११:४०. वर्कशॉप. फलक लागले. मशीन कोपऱ्यात चालू आहे, सरांनी बंद करायचं नाही असं सांगितलंय, परत सुरू होईल की नाही भरवसा नाही. नावाची पट्टी टेबलावर कोरी, शेजारी मार्कर.

१२:३०. भाईजान आले. पांढरा कुर्ता, अत्तर. हातात डबा. अम्मींनी माझ्यासाठी पाठवलाय, कबाब आणि खट्टी डाळ. आमच्या घरात डबा न्यायचं काम कुणाचं होतं ते मी विसरलेले नाही. त्यांनी टेबलावर ठेवला, आणि बराच वेळ दहाव्या फलकापुढे उभे राहून वाचत होते. वेळेची ओळ दोनदा वाचली, ओठ हलत होते.

एक वाजला. भा.नी गि. सरांना विचारलं, जवळची मशीद कुठली, जमात कितीला. दीडला, सर म्हणाले. आणि चेष्टेने: "आजबी चुकवता की काय भाई?"

भाईजान म्हणाले, "न्हाई सर. त्या दिवशीबी चुकवली नव्हती. अब्बूंच्या बाजूलाच होतो."

सर हसायला गेले आणि मध्येच थांबले. फलकाकडे पाहिलं. वर्कशॉपच्या शटरकडे पाहिलं. परत फलकाकडे. वैष्णवी खाली मान घालून वायर गुंडाळत होती, गुंडाळलेलीच.

भा.नी खिशातून टोकन काढलं, आपल्या दुकानातलं, पितळी, कडा झिजलेली. माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, ते जमलं नाही. सव्वादोनपर्यंत येतो, म्हणाले. तीनला पाहुण्यांपुढे कुणी उभं राहायचं आणि त्या कोऱ्या पट्टीवर काय लिहायचं, यावर एक अक्षर नाही. सत्तावीस वर्षांनी बोलला माणूस, तेही अर्धंच. शेवटी ठरवायचं मीच.

बाहेर पडताना भा.नी शटरला हात घातला आणि थांबले. "ओढू का?"

नको म्हटलं. उघडंच राहू दे.

ते गेले. गि. सर खुर्ची ओढून मशीनपासून चार हातांवर बसलेत, जेवायला जा म्हटलं तरी हलत नाहीत. हातावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलंय. माझी बोटं आखडलेली, चष्मा लागलेला, चव्वेचाळीस वय. दोन मिनिटांत मरेन बहुतेक. डबा तसाच आहे.

एक वाजून आठ झालेत. वही मिटते.